बारीक फोटोतले ठिपके

माझा भाचा नागपूरला एमआरआयच्या मशीनवर काम करतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आला होता, तेव्हा जेवता जेवता म्हणाला, “मामा, आमचा रोजचा वाद एकच. मेंदूचा फोटो किती बारीक काढायचा?” बारीक काढायचा तर पेशंटला त्या बोगद्यात जास्त वेळ पडून राहावं लागतं. तो जरा हलला की सगळं पुसट होतं. शिवाय फार बारीक घेतलं तर फोटो खसखस पेरल्यासारखा दाणेदार येतो. जाड काढला तर काम लवकर होतं, फोटो स्वच्छ दिसतो, पण लहानसहान गोष्टी निसटतात. आणि मुळात जे टिपलंच नाही, ते नंतर कॉम्प्युटरवर कितीही घासलं तरी उजळत नाही.

“तुमच्या वेळी बरं होतं,” तो म्हणाला. “बटण दाबलं, फोटो झाला.”

मी घास खाली ठेवला. म्हटलं, बेटा, तुझी एवढी थोरली मशीन जो प्रश्न विचारते, तो आमच्या दोन कॅसेटींनी मला ऐंशीच्या दशकात याच बालाघाटात विचारला होता. आणि उत्तर देताना घाम फुटला होता.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडिलांना सही करता येत होती, तेवढंच. मी बी.एस्सी. झालो, मग एक्सरेचा कोर्स केला आणि डॉक्टर मोहरील यांच्या खाजगी दवाखान्यात लागलो. लोक मला नावानं ओळखत नसत. सगळ्या गावाचा मी ‘एक्सरेबाबू’. डॉक्टर मात्र कोणी नवा माणूस आला की मुद्दाम सांगायचे, “आमचा एक्सरेबाबू बी.एस्सी. आहे बरं का!” मला ते आवडायचं. आजही आवडतं, खोटं कशाला बोलू?

बाहेरच्यांना वाटतं एक्सरे म्हणजे कॅमेरा. तसं नाही. ज्या चपट्या पेटीत फिल्म ठेवतात, तिला आम्ही कॅसेट म्हणतो. तिच्या आत दोन्ही बाजूंना पांढरा पत्रा असतो, त्याचं नाव स्क्रीन. एक्सरे पडला की स्क्रीन उजळते आणि तिच्या उजेडानं फिल्मवर चित्र उमटतं. स्क्रीनवरचा मसाला भरड दाण्याचा असला की ती जोरात उजळते. पेशंटला क्षणभर श्वास रोखायला लावला की काम झालं. पण चित्र जाडंभरडं. ही आमची ‘फास्ट’ कॅसेट. मसाला बारीक दाण्याचा असला तर उजेड मंद, एक्सरे जास्त वेळ सोडावा लागतो, पेशंटला पुतळ्यासारखं धरून ठेवावं लागतं. पण चित्रात केसाएवढी रेघसुद्धा दिसते. ही ‘फाईन’. फास्ट आमच्याकडे भरपूर होत्या. फाईन एकच होती, डॉक्टरांनी नागपूरहून नवीकोरी आणलेली. तिच्यावर मी कोणाला हात ठेवू देत नव्हतो.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. एक्सरे म्हणजे औषधच, असं मानणारे पुष्कळ. एक म्हातारा गुडघ्याचा फोटो काढून गेला आणि महिन्याभरानं परत आला. म्हणे, “मागच्या खेपेले लय आराम पडला बाबू. आता दुसऱ्या गुडघ्याले मारून दे.” एकाला मुलीच्या सोयरिकीसाठी छातीचा फोटो पाहिजे होता, पण त्यात तिचा चेहरा दिसत नाही म्हणून तो माझ्यावर चिडला. अशांना समजावण्यात अर्धा दिवस जायचा.

एका शुक्रवारी जवळच्या लालबर्ऱ्याहून गिरजाबाई सुनेला घेऊन आल्या. त्यांची तांदळाची गिरणी होती आणि गिरजाबाईंचा आवाज गिरणीवर चढणारा होता. सून कमल, विशीतली, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा तिरोडीला नोकरीवर, सुटी मिळेल तसा घरी यायचा. लग्न झाल्यापासून कमलचं डोकं दुखायचं. सकाळी बरी असायची, दुपारपर्यंत कपाळ धरून बसायची, संध्याकाळी उलटी. चालता चालता उंबऱ्याला ठेचाळायची. मागच्या आठवड्यात विहिरीजवळ पडली, तेव्हा मात्र घरचे घाबरले.

“गोळ्या देऊ देऊ थकलो, डॉक्टरसाहेब,” गिरजाबाई म्हणाल्या. “कोनी म्हनते बाहेरचं हाय, कोनी म्हनते कामाचा कंटाळा. मी म्हनलं, फोटोच काढून घेऊ. फोटो लबाड बोलत नाई.”

डॉक्टरांनी तपासलं आणि डोक्याचे दोन फोटो सांगितले, समोरून आणि बाजूनं. पोरगी टेबलावर थरथरत होती, म्हणून मी फास्ट कॅसेट घेतली. दोन्ही फोटो स्वच्छ आले. पण डॉक्टरांचं समाधान होईना. दोन वर्षांचं दुखणं, उलट्या, तोल जाणं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“फाईनवर एक समोरून काढ. मेंदूत कुठं चुना साचला असेल तर फास्टमध्ये तो दिसायचा नाही.”

मेंदू स्वतः साध्या एक्सरेत दिसत नाही, फक्त कवटी दिसते. पण मेंदूत गाठ असेल किंवा जुना किडा मरून पडला असेल, तर तिथं कधी कधी चुना साचतो, आणि चुना एक्सरेत पांढरा दिसतो. त्या काळी आमच्या गावात मेंदूत डोकावायला तेवढीच एक फट होती.

मी कमलला म्हटलं, “ताई, घाबरू नको. मी ‘झालं’ म्हणेपर्यंत दगड हो.” आणि ती खरोखर दगड झाली. इतका स्थिर पेशंट मी आयुष्यात थोडेच पाहिले. फिल्म धुऊन बाहेर आणली तेव्हा मी खूष होतो. कवटीचा सांधान् सांधा कोरल्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली, भिंग घेतलं आणि वाकून बघितलं.

कवटीच्या मधोमध, वरच्या अर्ध्या भागात, पांढरे ठिपके. मोहरीहूनही लहान. एकाखाली एक.

“फास्टवाली लाव शेजारी,” ते म्हणाले. लावली. त्यात काहीच नाही.

बाजूचा फोटोही फाईनवर काढायचं ठरलं आणि तेवढ्यात लाईट गेली. बालाघाटात लाईट गेली की कधी येईल हे कोणाला ठाऊक नसायचं. डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं आणि जपून सांगितलं की काही ठिपके दिसतात, उद्या आणखी एक फोटो काढू, पण नागपूरला जायची तयारी ठेवा. तिथं डोक्याचं स्कॅन करणारं मशीन आलं आहे.

“नागपूरले काय करतीन?” गिरजाबाईंनी विचारलं.

“आधी बघतील. मग गरज पडली तर...”

“डोस्कं उघडतीन?”

डॉक्टर भिंग पुसायला लागले. कमल भिंतीकडे बघत बसली होती. गिरजाबाईंनी एकदम मोर्चा माझ्याकडे वळवला.

“काहून बाबू, तुम्ही शिकले-सवरले ना? एकाच डोस्क्याचे दोन फोटो, एकात हाय अन् एकात नाई. कोनता खरा धरायचा?”

इतका सरळ प्रश्न मला कॉलेजातसुद्धा कोणी विचारला नव्हता. मी त्यांना त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. म्हटलं, “मावशी, मोठ्या भोकाच्या चाळणीतून कणी खाली निसटते ना? बारीक चाळणीत अडकते. तसंच हे. जाड फोटोतून बारीक गोष्ट निसटली.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “बारीक चाळणीत माती बी अडकते बाबू. आम्ही जाडाच फोटो खरा धरू. आमाले तोच द्या, आम्ही चाललो घरी.”

त्यांना सत्य नको होतं, सून पाहिजे होती. डॉक्टरांनी हात जोडून त्यांना एका दिवसासाठी थांबवलं. बालाघाटात त्यांची चुलत बहीण राहायची, तिच्याकडे दोघी गेल्या. जाताना कमल मला म्हणाली, “भाऊजी, ते ठिपके वाढतेत का हो?” मी बी.एस्सी. झालेला माणूस. मी तिला फक्त रिक्षा बघून दिली.

ती रात्र मला जड गेली. मनात सारखं यायचं, फास्टवर थांबलो असतो तर? पोरगी हसत घरी गेली असती. मग दुसरं मन म्हणायचं, आणि आत खरंच काही असतं तर? आमच्या धंद्यातली ही खरी कात्री आहे. कमी बघितलं तर चुकतं, जास्त बघितलं तर नको ते दिसतं आणि त्याचाही अर्थ लावावा लागतो.

शनिवारी सकाळी लाईट होती. मी फाईनवर बाजूचा फोटो काढला. कवटीच्या आत सगळीकडे भिंग फिरवलं. एकही ठिपका नाही. डॉक्टर कोड्यात पडले. समोरून दिसणारी वस्तू बाजूनं कुठं तरी असायलाच पाहिजे, ती हवेत विरत नाही. त्यांनी फिल्म काढून खिडकीशी नेली, परत आणली. मग मी टेबलावरचा शंभराचा बल्ब लावला आणि फिल्मची कड त्याच्यासमोर धरली. असं आम्ही क्वचित करतो, कारण कवटीच्या बाहेरचा भाग एक्सरेनं जळून काळाभोर होतो आणि तिकडे कोणी बघत नाही.

त्या काळ्यात, टाळूच्या हाडाच्या वर, ठिपके ओळीनं बसले होते.

“अरे,” डॉक्टर हळूच म्हणाले, “मेंदूतले ठिपके कवटीच्या बाहेर फिरायला कधी गेले?”

मी बाकाकडे बघितलं. ते पण बघायला लागले. बाकावर कमल डोक्यावरून पदर घेऊन बसली होती.

“ताई, जरा पदर मागं घ्या,” डॉक्टर म्हणाले.

भांगात कपाळापासून टाळूपर्यंत केशरी शेंदूर भरलेला.

आमच्या मराठी घरांची मूळची रीत कपाळावरच्या कुंकवाची. पण इथे शेजारपाजार सगळा हिंदी बोलणारा, त्यांच्या बायका भांगात शेंदूर भरतात, त्याला ते ‘मांग भरणं’ म्हणतात. दोन पिढ्या शेजारी राहिल्यावर आमच्याकडच्या बायका दोन्ही करायला लागल्या, कपाळाला कुंकू आणि भांगात शेंदूर. मी रोज शेकडो भांग बघत होतो, म्हणूनच दिसत नव्हते. आणि शेंदूर कशाचा असतो? शिशाचा. आमच्या एक्सरेच्या खोलीच्या दाराला शिशाचाच पत्रा मारलेला असतो, कारण शिशातून एक्सरे जात नाही. शेंदराचे कण फास्ट कॅसेटच्या भरडपणात विरून गेले होते. फाईननं ते इमानानं दाखवले. फोटो दोन्ही खरे होते. मेंदूत मात्र काही आहे की नाही, हे अजून ठरायचं होतं.

“हे धुऊन परत एक फोटो काढू,” डॉक्टर खुशीत येऊन म्हणाले. “शेंदूर पुसा आणि या.”

गिरजाबाई ताडकन उठल्या. “काय म्हनलं? पुसा? माहा पोरगा तिकडं तिरोडीले चांगला धडधाकट हाय, अन् मी त्याच्या बायकोची मांग पुसू?”

“अहो, पुसायची म्हणजे धुवायची.”

“एकच झालं!”

“मग तुमच्या घरी बायका डोक्यावरून कधी न्हातच नाहीत का?”

“न्हातेत ना. न्हानं येगळं, पुसनं येगळं. न्हाऊन लगेच भरतेत.”

“मग न्हाऊ द्या की तिला!”

“आज शनवार हाय. आमच्यात सवाशीन शनवारी डोस्क्यावरून न्हात नाई.”

डॉक्टर खुर्चीत बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, “समजाव बाबा तूच.” पण माझी आईही शनिवारी न्हायची नाही आणि तिला मी कधी समजावू शकलो नव्हतो. शेवटी मीच म्हटलं, “मावशी, उद्या इतवार. उद्या न्हाऊन या. फक्त भरायच्या आधी इकडे या.”

गिरजाबाईंनी हिशेब लावला. न्हाणं आणि भरणं यांच्यामध्ये थोडा वेळ जातोच. तो थोडा लांबला, एवढंच. “हौ,” त्या म्हणाल्या. “पन फोटो झाला की त्याच घडीले भरीन. तुम्ही मधात बोलाचं नाई.”

रविवारी दवाखाना बंद असायचा, आम्ही तो या एका फोटोसाठी उघडला. रिक्षातून दोघी उतरल्या. कमलच्या तोंडावर नाकापर्यंत पदर, कोणी रिकामा भांग बघू नये म्हणून. गिरजाबाईंच्या मुठीत शेंदराचा करंडा, झाकण काढायच्या तयारीत. केस अजून ओले होते. ओल्या केसांच्या बटासुद्धा फाईनवर रेघा उमटवतात, म्हणून मी तिला मागच्या अंगणात उन्हात बसवलं. गिरजाबाई तिचे केस पंचानं झटकत होत्या आणि मला बजावत होत्या, “लवकर करा बाबू, पोरगी उघडी बसली हाय.”

डॉक्टर म्हणाले, फास्टवर नको, पुन्हा फाईनवरच. कॅसेट तीच, एक्सरेचा जोर तोच, समोरूनच. बदलायचं फक्त एक. नाहीतर ठिपके गेले म्हणजे शेंदूर गेला की आपली नजर जाड झाली, ते कळणार नाही.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली मी फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली. आधी कवटीची कड येते, मग डोळ्यांच्या खोबण्या. हायपोमधून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या पाण्यातून काढून, पाणी गळतं आहे तशीच फिल्म घेऊन मी बाहेर पळालो. डॉक्टरांनी ती पेटीवर धरली. मी भिंग पुढे केलं. त्यांनी वरून खाली, खालून वर बघितलं. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि चष्मा काढून रुमालानं डोळे पुसले.

एकही ठिपका नव्हता.

“मावशी,” मी म्हटलं, “माती होती.”

गिरजाबाईंनी करंडा उघडला, तिथेच पेटीच्या पांढऱ्या उजेडात सुनेचा भांग भरला आणि मग बाकावर बसून पदर तोंडाला लावून रडल्या. थोडा वेळ आम्हीही तिकडे बघितलं नाही.

डॉक्टरांना आता पोरीच्या मनातली भीती पुरती काढायची होती. त्यांनी शुक्रवारचा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी लावले. “ये, तूच बघ. ठिपके होते तो हा फोटो कोणता, सांग बरं.”

कमल दोन पावलं पुढं आली. “हौ जी, दिसलं.”

“कोणता?”

तिनं बोट दाखवलं ते आजच्या, कोऱ्या फोटोकडे.

डॉक्टर हसले. “नीट बघ. जवळ ये.” ती आली. अजून जवळ आली. नाक पेटीच्या काचेला लागायची वेळ आली तेव्हा कुठे तिनं दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

“तिथं महिना कोणता लिहिला आहे?”

कमलनं मान पुढे काढली.

“मोठ्या अक्षरात आहे. वाच.”

“मले... इथून नाई दिसत जी.”

“कधीपासून?”

बराच वेळ ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, “शाळेत चष्मा होता. लग्न जमलं तवा बाबांनी काढून ठेवला. म्हनले, दोन-चार वर्सं काढ, पोरंबाळं होऊ दे, मंग सांगू.”

चष्म्याची मुलगी म्हणजे त्या काळी आमच्याकडे मोडणारी सोयरीक. मी मनातल्या मनात कमलच्या बापाचे उद्याचे हाल बघितले. तांदळात खडे राहतात म्हणून, वाटी कडेला ठेवून सांडते म्हणून, उंबऱ्याला ठेचाळते म्हणून दोन वर्षं बोलणी खाल्लेली ही पोरगी. आणि सकाळपासून डोळे ताणून ताणून दुपारपर्यंत कपाळ फुटायचं, ते यामुळे. आता गिरजाबाईंचा गिरणीवर चढणारा आवाज लागणार, म्हणून मी तयारीत उभा राहिलो.

“डोळे?” गिरजाबाई म्हणाल्या. “निस्ते डोळे?”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “मला तरी तसंच वाटतं. चष्मा लागला की महिन्याभरात बघू. डोकं थांबलं तर नागपूरची काही गरज नाही.”

“अवं माये! डोळेच! डोस्कं साबूत हाय, डोळेच हायत!” आणि त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की करंड्याचं झाकण खाली पडून गडगडत गेलं. दोन दिवसांपूर्वी हीच गोष्ट कळली असती तर दोन्ही घरांत वर्षभर बोलाचाल बंद पडली असती. पण दोन दिवस त्या बाईनं सुनेचं डोकं उघडलेलं मनात बघितलं होतं. त्याच्यापुढे चष्मा म्हणजे प्रसाद वाटला असेल.

हसू आवरल्यावर त्यांनी सुनेकडे डोळे बारीक करून बघितलं. “अन् काहून वं, माहा पोरगा कसा दिसते तुले?”

कमल लाजली. “जवळून चांगले दिसतेत.”

“अन् दुरून?”

“दुरून तं सगळेच सारखे.”

डॉक्टर खोकल्याचं निमित्त करून आत गेले. मीही फिल्म वाळत घालायला पाठ फिरवली.

ते दोन्ही फोटो मी जपून ठेवायला पाहिजे होते. पण जुन्या फिल्ममधली चांदी काढणारे लोक येत, त्यांना दवाखान्यातल्या सगळ्या फिल्मा दर दोन वर्षांनी जात, तसे तेही गेले. भाच्याला दाखवता आले असते तर बरं झालं असतं. तेवढी एक रुखरुख आहे. त्याला मी एवढंच सांगितलं की फोटो किती बारीक काढायचा हे जरूर ठरव, पण बारीक काढलास तर पेशंटला एकदा डोक्यापासून पायापर्यंत डोळ्यांनीही बघून घे.

कमलला महिन्याभरानं मी परत बघितलं. डोकं थांबलं होतं. पण माझ्या लक्षात राहिली ती त्या रविवारची निघण्याची वेळ. डॉक्टर चिठ्ठी लिहून देत म्हणाले, “उद्या सोमवारी चष्मेवाल्याकडे जा, समोरच आहे.” मी कुलूप लावायला बाहेर आलो, तर रस्त्यापलीकडे गिरजाबाई सुनेचा हात धरून चष्मेवाल्याच्या बंद शटरवर थापा मारत होत्या. वरच्या माळ्यावर राहणाऱ्या दुकानदारानं बनियनवरच खिडकीतून डोकं काढलं.

“बाई, आज इतवार है!”

“इतवार असू दे बाप्पा,” गिरजाबाई खालून ओरडल्या. “तू खाली ये! माह्या सुनेले आजच डोळे पायजेत!”